जुनी पिकअप घ्यायची? आधी चासी, मग कागद

वडवणी तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या दारात चारचाकी येते तेव्हा ती बहुधा हौद्याची असते. वेचणीच्या दिवसांत कापूस जिनिंगवर न्यायचा असतो, दिवाळीच्या सुमारास सीताफळाचे क्रेट बाजारात पोचवायचे असतात. खताच्या गोण्या, ठिबकच्या नळ्या, कडबा, शेळ्या आणि दुधाचे कॅन हे तर बारा महिने चालूच. त्याच गाडीतून आईला बीडच्या दवाखान्यात न्यायचे आणि त्याच गाडीने सोयरिकीलाही जायचे. नवी पिकअप आठ-दहा लाखांच्या घरात गेल्यापासून दहा-पंधरा वर्षे वापरलेली गाडी घेऊन तीच रोज चालवावी, असा विचार अनेक घरांत होतो.

विचार चांगला आहे; चुकतो तो गाडी पाहण्याचा क्रम. आपण आधी रंग पाहतो, मग टायर, मग इंजिनाचा आवाज ऐकतो आणि इसार दिल्यावर कागद मागतो. हा क्रम उलटा करायला हवा. इंजिन तालुक्याच्या गॅरेजात उघडून पुन्हा बसवता येते, रंग तर केव्हाही मारता येतो. वाकलेली चासी आणि अडकलेले कागद मात्र भल्या भल्या मिस्त्रीच्या हाताबाहेरचे आहेत.

जुनी गाडी आणि व्हिंटेज गाडी

जुन्या जीपची किंवा पिकअपची हौस असणाऱ्यांनी एक कायदेशीर फरक आधीच समजून घ्यावा. केंद्र सरकारने जुलै 2021 मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून व्हिंटेज वाहनांची वेगळी नोंदणी सुरू केली. पहिल्या नोंदणीला 50 वर्षांहून अधिक काळ झालेल्या आणि मूळ रूपात मोठा फेरफार न केलेल्या खासगी दुचाकी-चारचाकी त्यात येतात. त्यांना 'व्हीए' मालिकेचा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये आणि नूतनीकरणाचे 5,000 रुपये ठरवले गेले. पण अशी गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्याच कारणांसाठी रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापराला आणि धंद्याला ती चालत नाही. म्हणजे रोज चालवायची असेल तर गाडी साध्या नोंदणीचीच हवी.

दुसरा गैरसमज गावोगावी ऐकू येतो, की 15 वर्षे झाली की गाडी थेट भंगारात जाते. दिल्ली आणि परिसरात डिझेलला 10 आणि पेट्रोलला 15 वर्षांची मर्यादा न्यायालयीन आदेशांनी आली. ती बीड जिल्ह्याला लागू नाही. 2021 च्या स्क्रॅप धोरणानेही खासगी मालकाची गाडी केवळ वयावरून मोडीत काढलेली नाही. तिथे कसोटी फिटनेसची आहे. 15 वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी मात्र 1 एप्रिल 2023 पासून रद्द होऊ लागली.

तरीही वयाची किंमत मोजावी लागतेच. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांनी नव्याने करावी लागते आणि पुढे दर 5 वर्षांनी. हलक्या चारचाकीसाठी हे शुल्क 600 रुपये होते, ते 1 एप्रिल 2022 पासून 5,000 झाले. 20 वर्षांवरच्या गाडीसाठी 2025 मध्ये ते 10,000 करण्यात आले. मालवाहू गाडीचे पासिंग पहिली 8 वर्षे दोन वर्षांतून एकदा आणि त्यानंतर दरवर्षी होते. गाडी जुनी होत जाते तसे त्याचे शुल्कही वाढत जाते. शिवाय महाराष्ट्रात 2010 पासून पर्यावरण कर आहे. तो मालवाहू गाडीला 8 वर्षांनंतर आणि खासगी गाडीला 15 वर्षांनंतर लागतो. गाडीचा भाव ठरवताना हे सगळे आकडे त्यात धरावेत. "पन्नास हजारांनी स्वस्त मिळाली" असे वाटणारी गाडी पासिंग, कर आणि विमा भरेपर्यंत शेजारच्या गाडीइतकीच महाग पडलेली असते.

कोणत्या पिढीची घ्यावी

पिकअपच्या बाबतीत महाराष्ट्र भाग्यवान आहे. 1945 मध्ये सुरू झालेली आणि 1948 मध्ये महिंद्र अँड महिंद्र हे नाव घेतलेली कंपनी मुंबईत विलिस जीप जोडू लागली. तिथून पुढे जीपच्या चासीवरच प्रवासी कमांडर आणि हौद्याच्या गाड्या तयार होत गेल्या. टाटांची 407 आली 1986 मध्ये आणि टाटामोबाइल 206 ही पिकअप 1988 मध्ये. पुढे 207 आली. बोलेरो 2000 साली नाशकातून बाहेर पडली आणि तिच्या घराण्यातली पिकअप आज ग्रामीण भागात सगळीकडे दिसते. मे 2005 मध्ये दोन सिलिंडरांच्या 702 सीसी इंजिनाचा टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती, आला. पुणे, नाशिक आणि मुंबईच्या कारखान्यांतून निघालेल्या या गाड्यांनी इथल्या मिस्त्रींच्या दोन पिढ्या घडवल्या, म्हणून आजही यांचे काम जाणणारा माणूस शोधायला लांब जावे लागत नाही.

निवड करताना नावापेक्षा इंजिनाची पिढी पाहा. ढोबळमानाने तीन पिढ्या आहेत. पहिली जुन्या प्यूजो डिझेलची. महिंद्रच्या जीपमध्ये बसलेले हे 2112 सीसीचे इंजिन अप्रत्यक्ष इंधन-फवारणीचे. डिझेल आधी एका लहान कप्प्यात पेटते आणि मग ज्वाला पिस्टनवर येते. त्यामुळे थंडीत सुरू करताना हीटर तापवावा लागतो. आवाज सौम्य असतो, पण ताकद बेताची आणि सुटे भाग हळूहळू दुर्मीळ होत चाललेले. ही गाडी हौसेला ठीक, रोजच्या कामाला जपून घ्यावी.

दुसरी पिढी डीआयची. महिंद्रच्या 2523 सीसी इंजिनात डिझेल थेट पिस्टनच्या डोक्यावर फवारले जाते. पंप यांत्रिक असतो. इंजिन खडखडाट करते, पण संगणक नाही, सेन्सरांचे जाळे नाही. पंप-नोझलचे काम जाणणारा मिस्त्री ते पूर्ण खोलून बसवू शकतो. रोजच्या वापरासाठी जुनी पिकअप घ्यायची तर बहुतेकांनी याच पिढीकडे वळावे.

तिसरी पिढी कॉमन रेलची. भारत स्टेज 4 हे प्रदूषण-निकष 1 एप्रिल 2017 पासून देशभर लागू झाले आणि यांत्रिक पंपाचा काळ संपत आला. या गाड्या धूर कमी करतात, चढावर चांगल्या ओढतात आणि डिझेलही वाचवतात. पण नोझल महाग असते, भेसळीचे डिझेल तिला सोसत नाही आणि दोष शोधायला स्कॅनर लागतो. गोठ्याशेजारी उभ्या राहणाऱ्या गाडीची वायर उंदराने कुरतडली तरी ती जागची हलत नाही. बीड किंवा माजलगावात स्कॅनरवाला खात्रीचा मिस्त्री ओळखीचा असेल तरच ही पिढी घ्यावी.

चासी: गाडीखाली आडवे व्हा

पिकअपचा सगळा भार दोन लांब पोलादी तुळया आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या यांच्यावर असतो. कॅब आणि हौदा नुसते वर बसवलेले असतात. म्हणून हौदा सडला तर नवा पत्रा ठोकता येतो, फाळके बदलता येतात. तुळई तडकली किंवा वाकली तर गाडी कधीच सरळ चालत नाही. टायर एका बाजूने झिजतात आणि भरल्या गाडीने धारूरचा घाट उतरताना स्टेअरिंग ओढ खाते.

पाहायच्या जागा ठरलेल्या आहेत. मागच्या ॲक्सलवरून चासी जिथे वळण घेऊन वर चढते ती जागा, मागच्या पाट्यांचे पुढचे हँगर, आणि कॅब व हौदा यांच्यामधला भाग. सतत क्षमतेबाहेर माल वाहिलेल्या गाडीची चासी इथेच तडकते. बॅटरी घेऊन खाली झोपा आणि लहान हातोडीने तुळईवर हलके टकटक करत जा. शाबूत पोलाद खणखणीत वाजते, आतून सडलेली जागा बद्द आवाज देते. आडव्या वेल्डिंगची रेघ दिसली किंवा वरून पट्टी जोडलेली दिसली, तर तिथे आधी तडा होता असे समजा. सगळी गाडी धुळीने माखलेली आणि खालची चासी तेवढी ताज्या काळ्या रंगाची असेल, तर तो रंग काय झाकतोय ते विचारा.

मग एक सोपे मोजमाप करा. गाडी सपाट जागी, चाके सरळ ठेवून उभी करा. डाव्या बाजूच्या पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर टेपने घ्या आणि उजव्या बाजूचेही घ्या. दोन्ही आकडे जुळले पाहिजेत. फरक डोळ्यांत भरण्याइतका असेल तर एकतर पाट्यांचा सेंटर बोल्ट तुटून ॲक्सल सरकलाय किंवा चासी वाकलीय. पहिला दोष दुपारभराच्या कामाचा, दुसरा व्यवहार मोडण्याचा. कोणता आहे ते मिस्त्रीकडून खात्री करून घेतल्याशिवाय इसार देऊ नका.

पुढे चासी क्रमांक. तो तुळईवर ठोकलेला असतो. माती पुसून त्यावर कागद धरा आणि पेन्सिल फिरवून ठसा घ्या. नावावर करतानाही असा चासी प्रिंट लागतोच. अक्षरे एका ओळीत, सारख्या खोलीची हवीत. आजूबाजूला घासल्याच्या खुणा असतील तर तिथूनच परत फिरा. अलीकडच्या गाड्यांत हा क्रमांक 17 अक्षरांचा असतो. 'एमए1' ने सुरू होणारा महिंद्रचा, 'एमएटी' ने सुरू होणारा टाटांचा. बहुतेक गाड्यांत दहावे अक्षर निर्मितीचे वर्ष सांगते: 5 म्हणजे 2005, 9 म्हणजे 2009, ए म्हणजे 2010, बी म्हणजे 2011. विकणारा "2012 चं मॉडेल" म्हणतो आणि दहाव्या जागी 9 असतो, तेव्हा भावाची बोलणी पुन्हा सुरू करायला हरकत नाही.

इंजिन थंड असताना पाहा

गाडी पाहायला जाणार हे आदल्या दिवशी कळवले तरी, पोचल्यावर पहिला हात बॉनेटवर ठेवा. इंजिन आधीच गरम असेल तर ते थंड होईपर्यंत थांबा. खराब कॉम्प्रेशनची गाडी गरम असताना चटकन सुरू होते आणि सकाळी दम काढते. रोज पहाटे दूध घेऊन निघणाऱ्याला सकाळचीच गाडी हवी असते.

थंड असताना रेडिएटरचे झाकण उघडा. पाण्यावर तेलाचा तवंग असेल तर हेड गॅसकेट किंवा हेड गेलेले असू शकते. मेमध्ये बीड जिल्ह्यात पारा 40 च्या वर जातो. त्या उन्हात भरली गाडी चढावर नेताना अर्धवट बुजलेला रेडिएटर लगेच उघडा पडतो. मग इंजिन सुरू करून ऑइल भरायचे झाकण काढा. तिथून भकाभक धूर येत असेल तर पिस्टन-रिंगा झिजल्या आहेत. सायलेन्सरच्या धुराचा रंगही बोलतो. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, निळा म्हणजे ऑइल जळतेय, आणि गरम झाल्यावरही न थांबणारा पांढरा म्हणजे पाणी आत जाते किंवा फवारणी बिघडलीय.

यातला कोणताही दोष आढळला म्हणून गाडी नाकारायलाच हवी असे नाही. लायनर-पिस्टन, गॅसकेट, नोझल, क्लच प्लेट यांचा खर्च मिस्त्रीकडून काढून घ्या आणि तेवढा भाव पाडून मागा. खर्चाचा अंदाज बांधता येतो असा दोष परवडतो; ज्याचा अंत लागत नाही तो परवडत नाही.

कागद: बोजा, चलान आणि तिसरा मालक

परिवहन विभागाच्या ॲपवर क्रमांक टाकला की नोंदणीची तारीख, पासिंगची मुदत, विमा आणि बोजा दिसतो. बोजा असेल तर फायनान्स कंपनीचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. हप्ते थकल्यामुळे ओढून आणलेल्या गाड्या स्वस्त मिळतात. तिथे आधीच्या मालकाचा वाद बाकी नाही ना, हे कागदावरूनच ठरवा. थकलेली ई-चलाने पाहा. आणि गोदावरी-सिंदफणेच्या पट्ट्यातली गाडी असेल तर वाळूच्या कारवाईत ती कधी सापडली होती का, हे तहसीलमध्ये विचारा. गौण खनिजाच्या दंडात अडकलेली गाडी नव्या मालकालाही सुटता सुटत नाही.

दुसऱ्या जिल्ह्यातली गाडी असेल तर फॉर्म 28 चे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. परराज्यातली असेल तर महाराष्ट्राचा करही नव्याने हिशेबात येतो. दिल्लीकडच्या गाड्या तिथल्या वयोमर्यादेमुळे स्वस्त दिसतात. नोंदणी आणि कर धरून त्या इथे किती स्वस्त राहतात, हे कागदावर मांडून पाहा.

सगळ्यात मोठी चूक होते नावावर करण्यात. टीटी फॉर्मवर सही घेऊन, स्टॅम्प पेपरवर करारनामा करून गाडी वर्षानुवर्षे जुन्या मालकाच्या नावावर चालवली जाते. कधी तीन हात बदलते. कायद्याने राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत आरटीओला कळवायचे असते, फॉर्म 29 आणि 30 भरून. गाडी अनेक हात बदलली तरी नोंदीत ज्याचे नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईला मालक म्हणून जबाबदार, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात स्पष्ट केले. म्हणून नाव बदलण्याची गरज घेणाऱ्याइतकीच विकणाऱ्यालाही आहे. विमाही सोबतच 14 दिवसांत नावावर करून घ्यावा.

पिवळी पाटी, परवाना आणि विमा

बहुतेक पिकअप मालवाहू म्हणून नोंदलेल्या असतात, पाटी पिवळी. याचा फरक खिशाला जाणवतो. 2022 च्या दरपत्रकात 7,500 किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीचा सक्तीचा त्रयस्थ विमा 16,049 रुपये आहे. 1,500 सीसीवरच्या खासगी कारचा 7,897. त्यामुळे घरगुती वापरासाठी घेतलेल्या पिकअपचाही वार्षिक खर्च कारपेक्षा जास्त पडतो. एक दिलासा आहे: एकूण वजन 3,000 किलोपेक्षा अधिक नसलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. दुसरा दिलासा परवान्याचा. हलक्या वाहनाच्या साध्या परवान्यावर 7,500 किलोपर्यंतचे मालवाहू वाहन चालवता येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 6 नोव्हेंबर 2024 रोजी दिला.

रोज चालवताना

पाण्याचे गणित आधी करा, कारण टंचाईत वडवणीच्या पिकअपवर टाकी चढतेच. एक हजार लिटर पाणी म्हणजे एक टन. साडेसातशे किलो क्षमतेच्या छोट्या हत्तीवर हजार लिटरची टाकी भरली की गाडी तिथेच क्षमतेबाहेर जाते. दोन हजार लिटरची टाकी कोणत्याही साध्या पिकअपला जास्तच होते. त्यात अर्ध्या भरलेल्या टाकीतले पाणी वळणावर हेलकावते आणि गाडी कलंडवते. जादा भाराचा दंड 20,000 रुपयांपासून सुरू होऊन प्रत्येक जादा टनाला 2,000 ने वाढतो. पण त्याआधी पाटे, बेअरिंग आणि चासी यांचे नुकसान झालेलेच असते.

रिकामी पिकअप मागे हलकी असते. जोरात ब्रेक मारला तर मागची चाके लगेच अडकून गाडी फिरते. हे टाळायला अनेक पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलजवळ भारानुसार ब्रेकचा जोर कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो. त्याचा दांडा बऱ्याच जुन्या गाड्यांत तारेने बांधून ठेवलेला किंवा काढून टाकलेला दिसतो. घेतल्यावर पहिल्या आठवड्यात तो दुरुस्त करून घ्या. पाट्यांच्या शॅकलला, जॉइंटला आणि स्टेअरिंगच्या निपलला नियमाने ग्रीस मारा; पावसाळ्यात चिखलातून जाणे झाले की लगेच.

आणि हौद्यात माणसे बसवू नका. लग्नाचे वऱ्हाड असो, ऊसतोडीला निघालेली टोळी असो की जत्रा. मालवाहू गाडीत फुकट किंवा भाड्याने बसलेल्या प्रवाशांची भरपाई देण्याचे बंधन विमा कंपनीवर नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये आशा राणी प्रकरणात सांगितले. संरक्षण आहे ते मालाबरोबर जाणाऱ्या मालकाला किंवा त्याच्या प्रतिनिधीला. अपघात झाला तर उरलेल्यांचा सगळा भार गाडीमालकाच्या घरादारावर येतो. जीव गेलेल्या माणसाच्या घरावर काय येते, ते बीड जिल्ह्याला वेगळे सांगायला नको.

थोडक्यात निकाल असा: यांत्रिक पंपाची डीआय पिकअप, सरळ आणि न जोडलेली चासी, बोजा नसलेले कागद, चालू पासिंग, आणि महिनाभरात स्वतःच्या नावावर नोंद. एवढे जुळले तर झिजलेल्या इंजिनाची गाडीही घ्यावी. यातली चासी किंवा कागद जुळत नसतील, तर चकचकीत रंगाची आणि नव्या टायरची गाडीही सोडून द्यावी. गाडी पाहायला जाताना ओळखीचा मिस्त्री सोबत न्या, त्याची दिवसाची मजुरी द्या, आणि शेवटचा हप्ता आरसी स्वतःच्या नावाची झाल्यावरच मोजा.